वाचकांचे प्रश्न: पासिंगला अडलेली गाडी आणि स्कॅनरवरचे कोड

पीयूसीत किंवा आरटीओच्या पासिंगला गाडी अडली की गॅरेजमध्ये स्कॅनर लागतो, स्क्रीनवर दोन-चार कोड येतात आणि लगेच बदलायच्या पार्टची यादी हातात पडते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत या वेळी हीच तक्रार सगळ्यांत जास्त आहे. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत. सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या आकड्यात गडबड दिसली, एवढेच कोड सांगतो. ती कशाने झाली ते मोजून काढावे लागते, आणि त्याआधी पार्ट मागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

प्रश्न: माझी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक (बीएस-४) पीयूसीत नापास झाली. चिठ्ठीवर आयडलला सीओ ०.६२ टक्के, एचसी १४० पीपीएम, वाढवलेल्या आरपीएमला सीओ ०.४५ टक्के आणि लॅम्डा १.०१ आहे. चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे. पी०१७१ आणि पी०४२० असे दोन कोड आले. गॅरेजवाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतात. बदलू का? — वाचक, प्रतापनगर

अजून नको. आधी चिठ्ठी नीट वाचू. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेले पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. सुमारे २५०० आरपीएमवर सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण, १ म्हणजे नेमके जुळलेले) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. म्हणजे तुमची गाडी फक्त सीओवर अडली आहे. एचसी मर्यादेत आहे, त्यामुळे मोठा मिसफायर नाही. लॅम्डाही बरोबर आहे.

आता कोड बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे ईसीयूला वाटते आहे. खरोखर पातळ मिश्रण जळत असेल तर सीओ वाढायला नको. इथे कोड एक सांगतो आणि चिठ्ठी त्याच्या उलट. हा विरोधाभासच तुमच्या गाडीतला सगळ्यांत उपयोगी पुरावा आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर लाइनला असलेली गळती: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग, मॅनिफोल्डला गेलेली बारीक चीर किंवा सेन्सरच्या बुडाचा आटा. दोन स्ट्रोकच्या मध्ये पाइपात दाब कमी होतो तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवत जातो आणि इंजिन प्रत्यक्षात रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते. गळालेली हवा आणि जास्तीचे पेट्रोल मिळून एकूण लॅम्डा १ च्या आसपास येतो, म्हणून तो आकडा निर्दोष दिसतो. चिठ्ठीवर ऑक्सिजनचा आकडा छापला असेल तर तोही पाहा. सीओ आणि ऑक्सिजन दोन्ही चढे असतील तर संशय आणखी पक्का होतो.

तपासणी थंड इंजिनवर, सकाळी करा. मॅनिफोल्डवरचा पत्रा काढून टॉर्चने पॅकिंगच्या कडा पाहा. गळती असते तिथे काळी, कोरडी काजळी बाहेर उमटलेली दिसते. मग सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरची हवा सोडा आणि साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर, सेन्सरच्या आट्यावर शिंपडा. बुडबुडे आले की जागा सापडली. पॅकिंग बदलताना मॅनिफोल्डचा तळ सरळपट्टी ठेवून बघा. तळ वाकलेला असेल तर नवे पॅकिंगही लवकरच फुंकते.

गळती नसेल तर सेन्सरची परीक्षा घ्या. थ्रॉटलच्या आधी कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारला की जुन्या पद्धतीच्या (०.१ ते ०.९ व्होल्टच्या) सेन्सरने झटकन ०.८ च्या वर उडी घ्यायला हवी. तो ०.५ वरच रेंगाळला तर सेन्सर थकलेला आहे.

पी०१७१ दिसला की सगळे आधी इनटेकच्या व्हॅक्यूम गळतीमागे लागतात. ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे तिथे ते बरोबर आहे. तिथे आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात शिकून केलेला बदल, टक्क्यांत) +२० च्या आसपास आणि २५०० आरपीएमला +५ वर उतरलेली दिसते. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्यात चोरून आलेल्या हवेने तो दाब वाढतो, ईसीयू त्याच हिशोबाने पेट्रोलही सोडतो, आणि गळतीचे लक्षण पातळ मिश्रण न दिसता वाढलेली आयडल म्हणून दिसते. तुमच्या बॉनेटखाली कोणता सेन्सर आहे ते आधी बघून घ्या. भार वाढला की ट्रिम चढत असेल तर पेट्रोल पंप आणि फिल्टरकडे वळा. बहुतेक गाड्यांत फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) दाब ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. पंपावर आता ई२० मिळते. ई१० वर स्थिरावलेल्या गाडीत त्याने ट्रिम चारेक टक्के वर सरकते. एवढ्याने कोड येत नाही, पण आधीच काठावर असलेली गाडी मर्यादेपलीकडे जाऊ शकते.

कन्व्हर्टरचा निकाल यानंतर लावा. पी०४२० हा कोड पुढच्या-मागच्या सेन्सरची तुलना करून येतो, म्हणून पुढे गळती असताना त्यावर विश्वास ठेवता येत नाही. गळती बंद करून, कोड पुसून, शहरात आणि रिंगरोडवर मिळून ७०-८० किलोमीटर गाडी चालवा. मग इंजिन पूर्ण गरम असताना २५०० आरपीएमवर मागच्या सेन्सरचा ग्राफ पाहा. ०.६ ते ०.७ व्होल्टवर जवळजवळ सपाट रेघ असेल तर कन्व्हर्टर काम करतो आहे. पुढच्या सेन्सरबरोबर तोही वर-खाली नाचत असेल, लॅम्डा १ असूनही सीओ उतरत नसेल, तर कन्व्हर्टर गेला हे मान्य करा. बराच काळ रिच चाललेल्या गाडीत तसे होऊ शकते. पण गळती न काढता नवा टाकलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न: उन्हाळ्यात गाडी गरम होत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता पी०१२८ येतो आणि पीयूसीत सीओ जास्त निघतो. दोन्हीचा संबंध आहे का? — वाचक, कामठी

थेट संबंध आहे. आपल्याकडे नवतपा जवळ आला की थर्मोस्टॅट काढायची पद्धत सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. पी०१२८ म्हणजे ठरलेल्या वेळात कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचले नाही. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतात. तो नसला की सकाळी किंवा हायवेवर कूलंट ६०-६५ अंशांतच घुटमळते, ईसीयू इंजिन अजून थंड समजून जास्तीचे पेट्रोल देत राहतो आणि सीओ वाढतो. अ‍ॅव्हरेजही पडते.

मूळ त्रासही सुटलेला नसतो. बायपास असलेल्या इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचीच चकती बायपास बंद करते. चकती गेली की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येते, आणि भर दुपारी ट्रॅफिकमध्ये गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट मूळ तापमानाचाच बसवा, जुने कूलंट बदलून त्यात कंपनीच्या प्रमाणात कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी भरा. मग गरम का होत होती ते शोधा. फॅनचा रिले, फॅनचा लो-स्पीड रेझिस्टर, रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधली धूळ-पिसांची गादी, रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग, या चार ठिकाणी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

प्रश्न: पीयूसीला जायच्या आधी कोड पुसला तर गाडी पास होईल का? — वाचक, धंतोली

नाही. पीयूसी केंद्रावर पाइपात प्रोब घालून धूर मोजतात, ईसीयूतले कोड वाचत नाहीत. कोड पुसल्याने धुरात सुधारणा होत नाही. उलट शिकलेली फ्युएल ट्रिम शून्यावर जाते, त्यामुळे काही काळ मिश्रण आणखी बिघडू शकते. सगळ्यांत मोठे नुकसान फ्रीझ फ्रेमचे. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचे तापमान, भार आणि ट्रिम किती होते ही नोंद ईसीयू ठेवतो, आणि कोडबरोबर तीही जाते. पुसायच्या आधी त्या पानाचा फोटो काढाच.

प्रश्न: माझी एएमटी टॅक्सी फिटनेसला परत पाठवली, कारण ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही. त्याच आठवड्यापासून सकाळी न्यूट्रलमधून डी मध्ये गिअर पडत नाही. पी०५०४ कोड आहे. गिअर अ‍ॅक्च्युएटर उघडावा लागेल म्हणतात. — टॅक्सीचालक, सोनेगाव

अ‍ॅक्च्युएटरला हात लावू देऊ नका. दोन्ही तक्रारी एकाच छोट्या पार्टवर येऊन थांबतात: ब्रेक पेडलचा स्विच. त्यात दोन संपर्क असतात. पेडल दाबल्यावर एक जुळतो आणि ब्रेक लाइट लावतो, दुसरा तुटतो आणि कंट्रोल युनिटला खबर देतो. दोन्ही एकाच वेळी पलटायला हवेत. एक पलटला आणि दुसरा नाही, की पी०५०४. एएमटीत (क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) पेडल दाबल्याची खात्री झाल्याशिवाय युनिट गिअर टाकत नाही, काही गाड्यांत स्टार्टरही फिरू देत नाही.

चावी ऑन करून स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ब्रेक स्विच १ आणि २ समोर ठेवा आणि पेडल अगदी हळू दाबा. दोन्ही एकाच जागी पलटले पाहिजेत. मग पेडलच्या वर वाकून स्विचचा दट्टा जिथे टेकतो ती रबर किंवा प्लास्टिकची टिकली पाहा. ती वाळून तुकडे पडते, दट्टा भोकातून आरपार जातो आणि ब्रेक लाइट कायम लागून राहतो. गाडीच्या चटईवर प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते तिचेच समजा. काही गाड्यांत स्विच बसवतानाच स्वतः अ‍ॅडजस्ट होतो आणि एकदाच बसवता येतो. असा जुना स्विच काढून पुन्हा लावू नका.

स्विच ठीक निघाला तर मागच्या दिव्याची अर्थिंग तपासा. अर्थ सैल असला की ब्रेकचा करंट टेल लाइटच्या वाटेने परत फिरतो आणि दोन्ही अर्धवट पेटतात. दोन फिलामेंटच्या २१/५ वॉटच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब दाबून बसवल्यानेही हेच होते. फिटनेसला पुन्हा जाण्याआधी तिन्ही ब्रेक लाइट आणि नंबरप्लेटचा दिवा तपासून घ्या.

प्रश्न: सात-सीटर डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक (टॉर्क कन्व्हर्टर). सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी परिसरात पाणी शिरले तेव्हा गाडी फूटबोर्डपर्यंत पाण्यात होती. आता चेक लाइट, ८० च्या वेगाला आरपीएम वर-खाली, स्कॅनरवर फक्त पी०७००. गिअरबॉक्स उतरवायचा का? — वाचक, शंकरनगर

पी०७०० एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या युनिटने म्हणजे टीसीएमने स्वतःकडे काहीतरी नोंदवले आहे आणि दिवा लावायला सांगितला आहे. खरा कोड टीसीएममध्ये आहे, आणि साधा स्कॅनर तिथपर्यंत जातच नाही. त्या कंपनीचे ट्रान्समिशन मॉड्यूल उघडणारा स्कॅनर लावून घ्या. वर्णनावरून पी०७४१ निघण्याची शक्यता दिसते, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) धरत नाही. पी०७४० आला तर मामला विजेच्या सर्किटचा आहे. पी०७१५ किंवा पी०७२० म्हणजे स्पीड सेन्सर. पी०७३०, म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, हा त्यातल्या त्यात चिंतेचा.

गाडी पाण्यात होती, म्हणून सुरुवात कनेक्टरपासून करा. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, गिअरबॉक्सवरचा मोठा गोल कनेक्टर काढा आणि पिनांवर हिरवट बुरशी आहे का ते भिंगाने पाहा. पाणी तारांच्या आतून केशाकर्षणाने वर चढते, त्यामुळे टीसीएमच्या बाजूचा कनेक्टरही उघडायला हवा. प्रत्येक सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजून मॅन्युअलशी ताडा. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर पुढचे काम तिथेच आहे. ऑइल दुधाळ गुलाबी झाले असेल तर पाणी ब्रीदरमधून शिरले आहे किंवा रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला आहे. अशा वेळी गाडी चालवणे बंद करा, कारण क्लच प्लेटचे अस्तर पाण्याने सुटते.

वायरिंग स्वच्छ निघाले तर ऑइलची पातळी. इथे नागपुरात नेहमी गफलत होते, म्हणून सविस्तर सांगतो. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी ओव्हरफ्लो प्लगवरून बघतात. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद ठेवून परत पी मध्ये, आणि स्कॅनरवर ऑइलचे तापमान कंपनीने दिलेल्या पट्ट्यात. बऱ्याच गिअरबॉक्सना तो ३५ ते ४५ अंश असतो. प्लग उघडल्यावर बारीक धार लागून थेंबांवर आली की पातळी बरोबर. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये उभ्या गाडीचे ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच ४५ च्या जवळ असते. त्यातच गाडी चालवत आणलेली असेल तर ७०-७५ अंश. गरम ऑइल फुगते: सात लिटर ऑइलचे आकारमान ३० अंशांच्या फरकाने सुमारे दीडशे मिलिलिटरने वाढते. त्या वेळी प्लग उघडला तर फुगलेले चांगले ऑइल बाहेर येते, मेकॅनिक पातळी जास्त होती असे समजतो आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स कमी ऑइलवर चालतो. पंप हवा ओढतो, दाब पडतो, लॉकअप घसरते. हे काम उन्हाळ्यात पहाटेच करा, गाडी रात्रभर उभी ठेवून.

पातळी बरोबर करून ८० च्या स्थिर वेगात इंजिनचा आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम शेजारी-शेजारी पाहा. लॉकअप लागल्यावर दोन्हीत ५० पेक्षा कमी फरक हवा. दोन-तीनशेचा फरक सतत राहिला आणि ऑइल काळे, जळका वास असलेले असेल तर कन्व्हर्टरचा क्लच झिजला आहे, आणि मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. ऑइल नुसतेच जुने असेल तर दाबाने फ्लश करू नका. एका वेळी साधारण निम्मेच ऑइल गळते. ते काढून तेवढेच नवे भरा, शंभरेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा काढा. तीन फेऱ्यांत ८५ टक्क्यांहून जास्त ऑइल बदलते. ऑइल कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचेच हवे. बरणीवर सर्व गाड्यांसाठी असे लिहिलेले ऑइल यात घालू नये, आणि सीव्हीटी असेल तर अजिबातच नाही.

प्रश्न: बीएस-६ ट्रक, फिटनेस जवळ आला आहे. डीईएफचा दिवा लागलेला, पिकअप मेला आहे, कोड पी२०७एफ आणि पी२०ईई. धूर मात्र पीयूसीत पास. एनओएक्स सेन्सर बदला म्हणतात. — ट्रकमालक, वाडी

पी२०७एफ म्हणजे डीईएफची (धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावाची) गुणवत्ता बरोबर नाही. पी२०ईई म्हणजे एससीआर कॅटॅलिस्ट (डीईएफच्या मदतीने नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे एनओएक्स कमी करणारा भाग) हवे तितके काम करत नाही. पहिला सुटला तर दुसरा बहुतेक वेळा आपोआप मिटतो, म्हणून टाकीपासून सुरुवात करा. डीईएफमध्ये युरिया ३२.५ टक्के हवा, ३१.८ ते ३३.२ पर्यंत चालतो. डीईएफसाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की लगेच कळते. घनता २० अंशाला १.०८७ ते १.०९३ असते. पाणी मिसळलेले डीईएफ इथेच पकडले जाते.

सुटे डीईएफ घेऊ नका. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून केलेले तर मुळीच नाही. तो नीमकोटेड असतो, त्यातले तेल आणि क्षार कॅटॅलिस्टचे कायमचे नुकसान करतात. शिवाय सबसिडीचा युरिया असा वापरणे बेकायदा आहे. सीलबंद बादलीवरही तारीख बघा. ३० अंशांत ठेवलेले डीईएफ वर्षभर टिकते, ३५ अंशांत जेमतेम सहा महिने. टपरीबाहेर उन्हात मांडलेल्या बादल्यांचे काय होत असेल ते यावरून समजा.

माल खराब निघाला तर टाकी पूर्ण रिकामी करा, डीमिनरलाइज्ड पाण्याने विसळा, डीईएफचा फिल्टर बदला. नळाचे पाणी वापरू नका. मग सायलेन्सरवरचे डोझिंग नोझल उतरवा. त्यावर पांढरी दगडासारखी खपली असेल तर कोमट डीमिनरलाइज्ड पाण्यात भिजवून काढा, तार खुपसू नका. नवे डीईएफ भरून कोड पुसा आणि भरल्या गाडीने अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवा, कारण एससीआर गरम झाल्याशिवाय युनिट त्याची परीक्षा घेतच नाही.

यानंतरही पी२०ईई आला तर सेन्सरकडे वळा, तेही डीईएफचा खप तपासून. साधारण १०० लिटर डिझेलमागे ३ ते ६ लिटर डीईएफ जायला हवे. खप जवळजवळ शून्य असेल तर पंप किंवा नोझल बंद आहे आणि सेन्सर खरेच सांगतो आहे. पीयूसीत पास झालात याचे कारण एवढेच की डिझेल गाडीची ती चाचणी काजळी मोजते, बीएस-६ ला ०.७ ची मर्यादा. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.

प्रश्न: २०१० ची डिझेल हॅचबॅक, बीएस-३. पंधरा वर्षे झाली म्हणून रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला काढली. धुरात ३.४ आकडा आला, नापास. स्कॅनरवर एकही कोड नाही. — वाचक, नंदनवन

तुमच्या गाडीला मर्यादा २.४५, म्हणजे ६५ हार्ट्रिज (धुराने किती टक्के प्रकाश अडवला त्याचे माप). तुमचा आकडा ७७ च्या आसपास जातो. कोड नसणे यात नवल नाही. ओबीडीची (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड नोंदवायच्या व्यवस्थेची) सक्ती आपल्याकडे बीएस-४ गाड्यांपासून आली. बीएस-३ चा ईसीयू तारा तुटल्या-जुळल्या एवढेच पाहतो, नोझल झिजली किंवा होजपाइप फाटला हे त्याला कळत नाही.

एका गोष्टीची खात्री आधी करा: टायमिंग बेल्ट कधी बदलला. धुराच्या चाचणीत अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबून इंजिन कमाल आरपीएमला नेतात, तेही अनेकदा. जुना बेल्ट तिथे तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीवर जातो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर नवा टाका. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज हाताने दाबून वाकवून पाहा, क्लॅम्पखालची चीर सुटे केल्याशिवाय दिसत नाही. तिथे तेलकट धूळ चिकटलेली असेल तर गळती तीच. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला असेल तर काढून साफ करा. मग इंजेक्टरची रिटर्न चाचणी: चारही रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून आयडलला काही मिनिटे इंजिन चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल साचले तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. मात्र नोझलची फवारणी बिघडली असेल तर ती या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी इंजेक्टर बेंचवर न्यावे लागतात.

चाचणीला थंड गाडी नेऊ नका. इंजिन ऑइल किमान ६० अंश हवे. अर्धा तास चालवून, शेवटची पाच-सात मिनिटे तिसऱ्या गिअरमध्ये जरा चढे आरपीएम ठेवून सरळ केंद्रावर जा. पाइपात साठलेली सैल काजळी वाटेतच निघून जाते आणि आकडा इंजिनचा खरा येतो.

प्रश्न: स्कॅनर गाडीला जोडतो, पण लिंकच होत नाही. ईसीयू गेला असे सांगतात. — वाचक, हिंगणा रोड

ईसीयू ही शेवटची शक्यता. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज आणि ४ व ५ वर अर्थ मिळतो का ते मल्टिमीटरने मोजा. व्होल्टेज नसेल तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरबरोबर सामाईक असतो आणि मोबाइल चार्जरने उडालेला असतो. वीज ठीक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ६ आणि १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या जवळ आला तर कॅन लाइन (युनिट एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) शाबूत आहे. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार तुटली आहे, शून्याच्या जवळ आला तर दोन्ही तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. अशा वेळी बॅटरीच्या ट्रेखाली आणि डॅशबोर्डच्या मागे उंदरांनी कुरतडलेले वायरिंग शोधा. विशेषतः पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत. १६ पिनांचे सॉकेट असूनही ६ आणि १४ रिकाम्या असतील तर ती जुनी, एका तारेवरून बोलणारी के-लाइनची गाडी आहे. तिला ७ नंबरच्या पिनवरून बोलणारा स्कॅनर लागतो.